पंखावरचे दिवे झकास, वायरीनं मात्र छळलं

आर्वीजवळ आमच्या कापसाच्या गोदामात दोन आसनी विमान बांधतोय, सहा वर्षं झाली. गावातली पोट्टी विचारतात, "काका, इमान कवा उडन?" असो.

दिवाळीत पंखांच्या टोकांना लावायचा एलईडी संच मागवला: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, दोन्हींत पांढरा स्ट्रोब, म्हणजे लखलख उघडझाप करणारा दिवा. शेपटीचा पांढरा दिवा वेगळा घ्यावा लागतो, हे खोक्यावर कुठंच नव्हतं.

उजेडाला तोड नाही. रात्री विमान खळ्यात काढलं आणि भोवती फिरून पाहिलं. लाल दिवा नाकासमोरून डावीकडे 110 अंशांपर्यंत दिसतो, मागं सरकलं की मावळतो. तसाच हवा.

पण वायर! सोबत आलेली साधी, बिनजाळीची, म्हणजे भोवती धातूच्या तारांची जाळी नसलेली. स्ट्रोब लावला की रेडिओत टक्-टक्, बोलणाऱ्याचा आवाजच बुडतो. शेवटी नागपूरहून जाळीची वायर आणली, जाळीला एकाच टोकाला अर्थिंग दिलं, तेव्हा कुठं गप्प झाला. त्यापायी पंखाचे 42 रिवेट ड्रिलनं काढले, पुन्हा ठोकले.

पाचपैकी साडेतीन. दीड तारा वायरीनं खाल्ला.

बायको म्हणते, "उडेपर्यंत लग्नाच्या मांडवात भाड्यानं द्या."