बाळांच्या नावांचे पुस्तक : यादी भरघोस, अर्थ एका शब्दात

भाच्याच्या बारशाला नाव सुचवण्याचा मान आत्या म्हणून माझ्याकडे आला, तेव्हा दादर स्टेशनबाहेरच्या एका विक्रेत्याकडून बाळांच्या नावांचे पुस्तक दीडशे रुपयांना घेतले. बाळाचे नक्षत्र चित्रा, चरण चौथा, म्हणून जन्माक्षर ‘री’. शिवाय वर्गात दुसऱ्या कोणाचे नसेल असे नाव हवे, ही वहिनीची अट. छपाई ठळक आहे आणि शेवटी दिलेला नक्षत्रचरणांचा तक्ता अचूक आहे, एवढे श्रेय या पुस्तकाला द्यायलाच हवे.

‘र’च्या पानांवर ‘रिभू’ हे नाव मिळाले. अर्थ दिला आहे ‘देव, हुशार’. पुढे ‘ऋ’खाली ‘ऋभु’ असे नाव आहे आणि तिथे अर्थ ‘श्रीमंत’ असा छापला आहे. दोन्ही नावे मुळात एकच, हे पुस्तकात कोठेही सांगितलेले नाही. नाव कोठून आले, याबद्दल तर एक ओळही नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

शेवटी ऋग्वेदाचे मराठी भाषांतर मिळवून वाचले. ऋभू, विभ्वन् आणि वाज हे सुधन्व्याचे तीन मुलगे जन्माने माणसेच होते, परंतु केवळ हातातल्या कसबाच्या बळावर ते देवांच्या पंगतीत जाऊन बसले. देवांचा कारागीर त्वष्टा याने घडवलेल्या एका चमसाचे, म्हणजे सोमरसाच्या पेल्याचे, त्यांनी चार चमस केले. अश्विन या जुळ्या देवांसाठी घोड्यांवाचून चालणारा तीन चाकी रथ बांधला आणि स्वतःच्या वृद्ध आईवडिलांना पुन्हा तरुण केले. ऋग्वेदात त्यांच्यासाठी 11 सूक्ते आहेत. शब्दाचा संबंध ‘रभ्’ म्हणजे पकडणे, हाती घेणे या धातूशी लावतात. म्हणून ऋभू म्हणजे कुशल कारागीर. आमचे बाबा 1982 च्या संपापर्यंत परळच्या गिरणीत फिटर होते. त्यांच्या नातवाला याहून शोभणारे नाव मला सुचले नसते, आणि केवळ पुस्तकावर विसंबले असते तर ‘श्रीमंत’ वाचून मी ते बाजूला सारले असते.

उच्चाराबाबतही पुस्तक गप्प आहे. ‘ऋ’ हिंदीत ‘रि’कडे झुकतो, मराठीत ‘रु’कडे. ‘रि’ धरला तर नाव चित्रेत बसते, ‘रु’ धरला तर ते स्वातीच्या पहिल्या चरणात जाते. नावे नक्षत्रांनुसार लावणाऱ्या पुस्तकाने निदान एवढी तळटीप द्यायला हवी होती. दीडशे रुपयांत यादी म्हणून ते चालेल. अर्थासाठी घेऊ नये.

जन्मदाखल्यावर नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते, त्यामुळे रोमन स्पेलिंगचा वाद आम्ही तूर्त पुढे ढकलला आहे. बारशाला मात्र मी बाळाच्या कानात ‘रुभू’ असेच म्हटले, आणि गुरुजींनी भुवया उंचावल्या.