नऊ महिने, नव्वद हजार किलोमीटर: ट्रकला लावलेली बोरोसिलिकेटची पुढची काच

दोन वर्षांत माझ्या ट्रकच्या तीन पुढच्या काचा गेल्या, आणि अपघात एकही नाही. तिन्ही वेळा पुढच्या गाडीच्या चाकातून उडालेली खडी. ट्रकची काच कारसारखी मागे झुकलेली नसते, जवळजवळ उभी असते, त्यामुळे खडा घसरून वर जात नाही, थेट कपाळात बसतो. आधी मुगाएवढा टवका उडतो. मग एखाद्या गार सकाळी आतून हीटरची हवा लागते, त्या टवक्यातून चीर निघते आणि संध्याकाळपर्यंत काचेच्या या बाजूच्या खांबापासून त्या बाजूच्या खांबापर्यंत जाते.

चौथ्या वेळी बाहेरचा थर बोरोसिलिकेटचा असलेली काच बसवली. बांधणी नेहमीच्या लॅमिनेटेड काचेचीच आहे: दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक पडदा. काच फुटली तरी तुकडे त्यालाच धरून राहतात. फरक आहे तो बाहेरच्या काचेत. प्रयोगशाळेतली भांडी ज्या जातीच्या काचेची असतात तीच ही जात. साध्या सोडा-लाइम काचेपेक्षा ती तापल्यावर बरीच कमी पसरते. शिवाय टोकदार खडा बसला की ती त्या जागी आतल्या आत दबून घट्ट होते, त्यामुळे खोल भेग पडायला जास्त जोर लागतो. विकणारा म्हणाला होता, ‘फुटतच नाही.’ हे खोटं आहे. काच आहे, फुटते.

तिसऱ्या महिन्यात पहिला खरा मार बसला. बंदुकीसारखा आवाज आला, हात आपोआप स्टिअरिंगवर आवळले गेले. पुढच्या थांब्यावर उतरून नख फिरवून पाहिलं. मोहरीएवढा खड्डा पडला होता, नख अडकत होतं, पण त्याला पाय फुटले नव्हते. मार्करने भोवती वर्तुळ काढलं आणि दर आठवड्याला बघायची सवय लावली. सहा महिने झाले, खड्डा तेवढाच आहे. जुन्या काचेवर एवढ्या टवक्याने मला कधी महिनाभरही दिला नव्हता.

सातव्या महिन्यात मात्र हरलो. पुढच्या ट्रेलरच्या जोडचाकांच्या फटीत अडकलेला मोठा दगड सुटला आणि काचेवर चांदणी उमटली. वेग दुप्पट झाला की माराचा जोर चौपट होतो. तिथे कुठलीच काच काय करणार? त्याच दिवशी चिकटपट्टी लावून धूळ-पाणी आत जाऊ दिलं नाही आणि दुसऱ्या दिवशी चिरेत रेझिन, म्हणजे घट्ट होणारा पारदर्शक रस, भरून घेतलं. ठिपका दिसतो, चीर वाढलेली नाही. चांदणी माझ्या नजरेसमोर किंवा काचेच्या कडेला असती तर रेझिनवर भागवलं नसतं, काच बदलली असती.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी तक्रार काचेची नाही, बसवणाऱ्यांची आहे. सत्तरच्या पुढे गेलो की डाव्या वरच्या कोपऱ्यात शिट्टी वाजायची आणि पहिल्याच पावसात डॅशबोर्डवर थेंब पडले. काच काढून पाहिली तर फ्रेमवरचा गंज न खरवडता त्यावरच चिकटवण ओढलेलं, आणि एका जागी त्याची धारच तुटलेली. वर ‘तासाभरात गाडी काढा’ म्हणाले होते. युरेथेन, म्हणजे काच बसवायचं हे चिकटवण, सुकायला किती वेळ घेईल हे त्याच्या जातीवर, तापमानावर आणि हवेतल्या दमटपणावर ठरतं, घाईवर नाही. दुसऱ्यांदा मी स्वतः उभा राहून फ्रेम घासून घेतली, प्रायमर मारायला लावला आणि रात्रभर गाडी हलवली नाही. काचेमागे रस्त्यावरची लेन बघणारा कॅमेरा आहे, त्याचं कॅलिब्रेशनही, म्हणजे नजर नेमकी जुळवणंही, पुन्हा करून घ्यावं लागलं. हे आधी कुणी बोललंच नव्हतं.

वायपरच्या ओरखड्यांपासून मात्र सुटका नाही. रबराखाली वाळूचा कण सापडला की धनुष्यासारखी रेघ उमटते, आणि रात्री समोरचे दिवे त्याच रेघेवर फुलतात. बारीक वाळूचे टोचे जुन्या काचेपेक्षा कमी वाटतात, पण आहेत. धूळ आधी पाण्याने सोडवायची, मगच वायपर फिरवायचा, हे मी उशिरा शिकलो.

पुन्हा हीच घेईन का? माझ्यासारखं रोज खडीच्या गाड्यांमागे चालायचं असेल तर घेईन. मोकळ्या, गुळगुळीत रस्त्यावर चालणाऱ्याने साधी चांगली लॅमिनेटेड काच आणि नीट हाताचा कारागीर शोधावा. डाव्या कोपऱ्यातली शिट्टी आता बंद आहे. मार्करचं वर्तुळ दर धुण्यात पुसट होतं, मी ते पुन्हा काढतो.