चाळिशीनंतर आर्ट्सला: कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात दहा महिने

इंटरमीजिएट ड्रॉइंगला मला ए ग्रेड मिळाली तेव्हा बाबांनी पेढे आणले. दहावीचा निकाल लागला तेव्हा अकरावी सायन्सचा फॉर्म आणला. आमच्या वेळी जळगावात आर्ट्सला जाणं म्हणजे एक तर मार्क कमी पडलेत नाहीतर डोकं फिरलंय. मग बी.ई., पुण्यात नोकरी, लग्न, कॅलिफोर्निया. गेल्या ऑगस्टमध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात कलेतिहासाला नाव घातलं आणि आईला फोन केला. आई म्हणाली, "आता गं कशाला? तेव्हाच घ्यायचं होतंस की." यावर काय बोलणार!

दोन सेमिस्टर पुरत्या झाल्या आहेत. ओळखीतल्या तिघी-चौघींनी विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. कॉलेजचं नाव घालत नाही, कारण तक्रारीही आहेत.

कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्याकडे लोकांना शिवणक्लास किंवा आयटीआयसारखं काहीतरी वाटतं. ही सरकारी, दोन वर्षांची कॉलेजं आहेत. इलिनॉयमधलं जोलिएटचं कॉलेज १९०१ साली सुरू झालं, ते यातलं सगळ्यात जुनं समजतात. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत. प्रवेश परीक्षा नाही, कटऑफ नाही, वयाची अट नाही. शिकायची इच्छा आहे एवढं पुरतं. १९८४ पर्यंत इथे फीसुद्धा नव्हती.

आता फी आहे, पण राज्याच्या रहिवाशाला ४६ डॉलर प्रति युनिट (म्हणजे श्रेयांक), आणि हा दर २०१२ पासून तसाच आहे. तीन युनिटचा विषय १३८ डॉलरला पडतो. आरोग्य शुल्क, पार्किंग वगैरे धरून माझी पहिली सेमिस्टर दोनशेच्या आत बसली. रहिवासी नसाल तर मात्र बहुतेक ठिकाणी एका युनिटचेच तीनशेच्या वर जातात. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झालेला लागतो, आणि त्याचे कागद दाखवावे लागतात. एच-फोरवर, म्हणजे एच-वन व्हिसावाल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्यांना शिकता येतं आणि रहिवासी दरही मिळू शकतो. इथे येऊन वर्ष झालेल्या, घरात बसून कंटाळलेल्या कितीजणींना हे ठाऊकच नसतं.

नाव घालताना पहिला दणका बसला. मला हवा होता तो चित्रकलेचा वर्ग पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून सुरू व्हायच्या चार दिवस आधी रद्द झाला. दुसरा वर्ग भरलेला, वेटलिस्टवर मी अकरावी. सल्लागाराची भेट मागितली तर ती तीन आठवड्यांनंतरची, म्हणजे वर्ग सुरू झाल्यावरची. शेवटी शेजारच्या बाकावरच्या एका मुलाने खरी गोष्ट सांगितली: वेटलिस्ट सोडायची नाही आणि पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसायचं. ऑनलाइन वर्गांत तर आर्थिक मदत लाटण्यासाठी नावं घातलेले खोटे विद्यार्थीही असतात. पहिल्या आठवड्यात शिक्षक त्यांना उडवतात आणि जागा रिकाम्या होतात. उलट तुम्ही स्वतः पहिल्या दिवशी हजर नसाल किंवा लॉगिन केलं नसेल, तर तुम्हीच उडता. मला आशियाई कलेचा इतिहास मिळाला, तोही असाच आयत्या वेळी.

माझ्या दृष्टीने सगळे पैसे याच एका विषयात वसूल झाले.

वर्गात अठ्ठावीस जण. रात्रपाळी करून डोळे चोळत येणारी एकोणीस वर्षांची मुलगी, हायस्कूलमधून इथले क्रेडिट मिळवायला येणारी दोन पोरं, सैन्यातून परतलेला एक माणूस, आणि पुढच्या बाकावर टपाल खात्यातून निवृत्त झालेले बहात्तर वर्षांचे आजोबा, जे प्रत्येक स्लाइडला प्रश्न विचारायचे. तिसऱ्या आठवड्यात पडद्यावर अजिंठ्याचा पद्मपाणी आला, पहिल्या लेण्यातला. बाईंनी विचारलं, इथे कोणी गेलंय का? मी मोठ्या ऐटीत हात वर केला. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर, आमच्या शाळेची सहलच तिथे जायची. त्यांनी विचारलं, "आत उजेड कसा असतो? चित्र कुठून दिसतं?"

मला आठवेना. फर्दापूरला बस थांबली होती ते आठवलं. डब्यातली कळण्याची भाकरी आठवली, माकडाने पळवलेली एका मैत्रिणीची पिशवी आठवली. पद्मपाणीसमोर मी नक्की उभी राहिले असणार, ओळीने, बोटात बोट घालून. पण तो पाहिलेला मला आठवेना. मी म्हटलं, "अंधार असतो." ते खरंच आहे म्हणा.

या विषयाला एक मोठा निबंध असतो: प्रत्यक्ष पाहिलेल्या एका कलाकृतीचं रूप-विश्लेषण. प्रत्यक्ष म्हणजे संग्रहालयात उभं राहून, फोटोवरून नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, तेव्हा गेले. तिथे एक सोन्याचा मुलामा दिलेली काशाची बुद्धमूर्ती आहे, चिनी, तिच्यावर सन ३३८ कोरलेलं. ज्यांच्यावर तारीख आहे अशा चिनी बुद्धमूर्तींत ही सगळ्यात जुनी मानतात. आकाराने लहानशी. मी अर्धा तास समोर बसले, घरी येऊन दीड हजार शब्द लिहिले आणि खूश झाले. शांत, ध्यानस्थ, करुणेने भरलेली मुद्रा, वगैरे.

निबंध परत आला तेव्हा या तिन्ही शब्दांभोवती गोल होते आणि समासात एकच ओळ: हे तुम्हाला दिसलं, की आधीच माहीत होतं?

राग आला. बुद्ध मला शिकवतेय ही! पुढच्या रविवारी तिकीट काढून पुन्हा गेले, केवळ त्या रागापोटी. या वेळी वही घेऊन बसले आणि फक्त दिसेल तेच लिहायचं ठरवलं. केस कंगव्याने विंचरल्यासारखे सरळ रेघांचे. वस्त्राच्या चुण्या छातीवर यू आकारात, दोन्हीकडे मोजून सारख्या. आणि हात. ध्यानमुद्रेत एका तळव्यावर दुसरा तळवा, दोन्ही वर उघडे, हे आपण कॅलेंडरांपासून लेण्यांपर्यंत इतकं पाहिलेलं असतं की पुन्हा कोण बघतं? इथे तळवे वर उघडलेलेच नाहीत. दोन्ही हात पोटाशी सपाट दाबून धरलेत, पोट दुखत असल्यासारखे. पहिल्या खेपेला मी अर्धा तास समोर बसून हे पाहिलं नव्हतं, कारण ध्यानमुद्रा म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. ज्या कारागिराने मूर्ती घडवली त्याच्यापर्यंत भारतातलं रूप किती हातांतून, किती हजार मैलांवरून पोचलं असेल, हा सगळा विषय त्या दोन हातांत होता. दुसरा खर्डा मी हातांवरच लिहिला. बी प्लस मिळाला. माझ्या मते ए मायनस द्यायला हरकत नव्हती, पण असो.

मुद्दा असा की हा छंदवर्ग नाही. तीन युनिटच्या विषयाला आठवड्याला तीन तास वर्ग आणि घरी साधारण सहा तास अभ्यास धरतात, आणि तो खरोखर लागतो. परीक्षा ब्लू बुकात, म्हणजे निळ्या कव्हरच्या उत्तरवहीत, हाताने लिहायची, कारण आता घरून आलेल्या निबंधावर कोणाचाच विश्वास उरलेला नाही. वीस वर्षांनी सलग दीड तास पेनने लिहिलं. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटताना अंगठा दुखत होता.

जानेवारीत दोन विषय घेतले. नीतिशास्त्राचा ऑनलाइन वर्ग घेतला, ती चूक. व्हिडिओ ठीक होते, पण दर आठवड्याची लेखी "चर्चा" म्हणजे सगळ्यांनी एकमेकांना "तुमचा मुद्दा फार विचार करायला लावणारा आहे" असं म्हणायचं. निम्मी उत्तरं यंत्राने लिहिलेली आहेत हे शेंबडं पोरही सांगेल. मानव्यविद्या घ्यायच्या तर समोरासमोर घ्या, गाडी चालवायचा कंटाळा करू नका.

दुसरा विषय सिरॅमिक्स, म्हणजे सरळ कुंभारकाम. माती मळायची, चाकावर थापायची आणि तिला मधोमध आणायची. हे मधोमध आणणंच मला पाच आठवडे जमलं नाही. गोळा हातातून निसटून पिंपासारखा डोलायचा. सगळे म्हणतात, मातीत हवेचा बुडबुडा राहिला की भांडं भट्टीत फुटतं. आमचे सर म्हणायचे, बुडबुड्याला उगाच बदनाम केलंय, फोडते ती ओल. ते खरं करून दाखवण्याचा मान माझ्या बरणीने मिळवला. बूड जाड, आतून ओलं, पहिल्याच भाजणीत फुटली आणि शेजारचे दोन मग घेऊन गेली. ज्याचे मग होते तो एकोणीस वर्षांचा मुलगा मलाच समजावत होता. मातीचं भांडं वाळून, भाजून दहा-बारा टक्के आकसतं, हेही आधी सांगितलेलं असतं पण ऐकतं कोण? मी दह्यासाठी केलेलं सट आता लोणच्याला वापरते. मार्चमध्ये एक भट्टी बंद पडली आणि दीड महिना दुरुस्त झाली नाही. कॉलेजची पडझड बघायची तर आर्ट्सच्या इमारतीत जा. संगणक विभागाला नवी काच, इथे गळणारा नळ.

त्याहून खटकलं ते शिक्षकांचं. आमच्या कलेतिहासाच्या बाईंना स्वतःची खोली नव्हती. ग्रंथालयाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर भेटायच्या, तेही घाईत, कारण त्यानंतर त्यांना चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या कॉलेजात शिकवायचं असे. अर्धवेळ शिक्षकांना इथे एका डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे एका प्रशासनाखालच्या कॉलेजांत, पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपर्यंतच काम देता येतं, म्हणून ते दोन-तीन कॉलेजांत वणवण करतात. लोक त्यांना फ्रीवे फ्लायर म्हणतात. माझ्या निबंधाच्या समासातली ती ओळ त्यांनी बहुधा कुठल्यातरी पार्किंगमध्ये, गाडीत बसून लिहिली असेल.

नोकरीचं विचाराल तर स्पष्ट सांगते, यातून नोकरी मिळेल असं समजून येऊ नका. तरुण मुलांचं वेगळं आहे. ६० सेमिस्टर युनिट करून ट्रान्स्फरची असोसिएट (दोन वर्षांची) पदवी घेतली की कॅल स्टेटमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, प्रवेशाची हमी मिळते, हा कायदा २०१० मध्ये झाला. मात्र हमी कॅल स्टेट व्यवस्थेतल्या जागेची असते, हव्या त्याच कॅम्पसची नाही. आणि यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ती लागू नाही. घरात बारावीचं पोर असेल आणि त्याला इतिहास किंवा तत्त्वज्ञान घ्यायचं असेल, तर पहिली दोन वर्षं इथे काढण्यात काहीही कमीपणा नाही. आमच्याकडच्या देशी पार्ट्यांत तो मानतात, ते सोडा.

मे महिन्यात सेमिस्टर संपल्यावर भारतात गेले होते. भावाला म्हटलं, अजिंठ्याला चल. तो म्हणाला, "मे महिन्यात? वेड लागलंय का?" तरी नेलं. पहिल्या लेण्यात बारीक दिवे आहेत आणि दारातून उजेड तिरका येतो. पद्मपाणी मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या दाराशी आहे, डोळे सरावायला दोन मिनिटं जातात. रखवालदाराने पुढे सरकायला सांगेपर्यंत मी वहीत तेवढंच लिहून घेतलं.

बाईंना ते कळवायला मेल केली. उत्तर आलं की पुढच्या सेमिस्टरला त्यांना आमच्या कॉलेजात वर्ग मिळालेला नाही, दुसरीकडे आहे, बत्तीस मैलांवर, मंगळवार-गुरुवार सकाळी. नाव घातलंय. वेटलिस्टवर सातवी आहे.