एलएम ३८८६ वरचे ॲम्प्लिफायर किट आणि अधूनमधून गप्प होणारी डावी बाजू

एलएम ३८८६ या चिपवर आधारलेले दोन चॅनेलांचे ॲम्प्लिफायर किट मी विकत घेऊन स्वतः जोडले, त्याला आता आठ महिने होत आले. त्यातले जवळपास दोन महिने डाव्या चॅनेलचा आवाज अधूनमधून का जातो हे शोधण्यात गेले, त्यामुळे हे परीक्षण किटचे जितके आहे तितकेच त्या शोधाचेही आहे. किट बनवणाऱ्याचे नाव मी येथे देत नाही, कारण याच मांडणीचे बोर्ड थोड्याफार फरकाने अनेक जण विकतात आणि ज्या त्रुटींबद्दल मी लिहिणार आहे त्या मांडणीच्या व माहितीपुस्तिकेच्या आहेत. आवाजाबद्दल मात्र सुरुवातीलाच सांगतो की माझी तक्रार नाही. स्पीकरला कान लावला तरच ऐकू येईल इतकी गुणगुण, स्वच्छ वरचे स्वर आणि घट्ट खर्ज या तिन्ही बाबतींत या किटने माझ्या आधीच्या तयार ॲम्प्लिफायरला मागे टाकले.

किटमध्ये दोन चिप, त्यांचे बोर्ड, रेक्टिफायर आणि फिल्टर कपॅसिटरांचा वेगळा बोर्ड, यूपीसी १२३७ या चिपवर चालणारे स्पीकर संरक्षण सर्किट, त्याचा दुहेरी कॉन्टॅक्टचा रिले (बिघाड झाल्यास दोन्ही स्पीकर तोडणारा, विजेने चालणारा स्विच), व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करायचा बटणाचा भाग) आणि चिपची उष्णता बाहेर टाकणारे हीट सिंक एवढे साहित्य मिळते. ट्रान्सफॉर्मर आणि पेटी आपली आपण आणायची. धातूच्या पाठीच्या एलएम ३८८६ ची पाठ आतून ऋण पुरवठ्याला, म्हणजे उणे व्होल्टेजच्या बाजूला, जोडलेली असते, त्यामुळे ती हीट सिंकपासून विलग ठेवावी लागते, आणि त्यासाठीचे अभ्रकाचे तुकडे व प्लास्टिकचे बुशिंग न मागता दिलेले पाहून बरे वाटले. पहिल्यांदा वीज देताना मालिकेत बल्ब लावावा ही सूचनाही पुस्तिकेत ठळक छापली आहे. जोडणी झाल्यावर आउटपुटवरचा डीसी मी मोजला, तो एका बाजूला ११ आणि दुसऱ्या बाजूला १७ मिलिव्होल्ट भरला, म्हणजे काळजी करण्यासारखे काही नव्हते. जाहिरातीत मात्र ६८ वॅट एवढेच लिहिले आहे. हा आकडा ±२८ व्होल्ट पुरवठ्यावर ४ ओहमच्या स्पीकरसाठीचा आहे, आणि ८ ओहमला त्याच पुरवठ्यावर ३८ वॅट मिळतात. घरातल्या खोलीला ३८ वॅट भरपूर झाले, पण अट न सांगता मोठा आकडा छापणे मला पटलेले नाही.

तिसऱ्या आठवड्यात डाव्या बाजूचा आवाज पहिल्यांदा गेला आणि मी काही हालचाल करण्याआधीच परत आला. अधूनमधून येणाऱ्या दोषाची खरी अडचण हीच असते की हातात मल्टीमीटर घेईपर्यंत सगळे सुरळीत झालेले असते. मी प्रथम उगमाकडच्या डाव्या-उजव्या केबलींची अदलाबदल केली, तरी आवाज डावीकडचाच जात राहिला. नंतर डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली, तेव्हा उजवीकडचा स्पीकर गप्प होऊ लागला. यावरून केबल आणि स्पीकर निर्दोष ठरले व दोष पेटीच्या आतच असल्याचे नक्की झाले. व्हॉल्यूम पॉटकडून दोन्ही बोर्डांकडे जाणाऱ्या तारा उलट केल्यावरही डावे आउटपुटच बंद पडले, तेव्हा पॉटसुद्धा यादीतून गेला. प्रत्येक बदलानंतर आवाज पुन्हा जाण्याची वाट पाहावी लागत असल्याने या तीन निष्कर्षांना मला दोन आठवडे लागले. दर वेळी वीज बंद करून फिल्टर कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबणे आलेच, त्यात घाई करू नये.

यानंतर मी एक वही केली. आवाज गेला की वेळ, ॲम्प्लिफायर सुरू होऊन किती मिनिटे झाली, व्हॉल्यूम कुठे होता आणि आवाज नेमका कसा गेला हे तिच्यात लिहीत गेलो. पंधरा-वीस नोंदी झाल्यावर लक्षात आले की मी ज्याला एक दोष समजत होतो ते दोन आहेत आणि दोन्ही एकाच चॅनेलमध्ये बसले आहेत. काही वेळा आवाज साधारण एका सेकंदात विझत जाई आणि तसाच हळूच परत येई. हे नेहमी अर्ध्या तासानंतर, पेटी गरम झाल्यावर घडे आणि व्हॉल्यूमशी त्याचा संबंध नसे. उरलेल्या वेळी आवाज आधी फाटल्यासारखा खरखरे, मग पुसट होई, आणि हे केवळ रात्री अगदी कमी आवाजात ऐकताना होई. व्हॉल्यूम क्षणभर वाढवला की ‘टक्’ होऊन बाजू जागी होई. ही विभागणी होण्याआधी मी जे जे करून पाहिले ते सगळे वाया गेले होते, कारण एक दोष थोडा सुधारला तरी दुसरा पुन्हा आवाज घालवत होता.

विझत जाणाऱ्या आवाजाचे कारण चिपच्या म्यूट पिनमध्ये, म्हणजे आवाज बंद-चालू करणाऱ्या पिनमध्ये, होते. एलएम ३८८६ च्या आठ क्रमांकाच्या पिनमधून ऋण पुरवठ्याकडे किमान ०.५ मिलिअँपिअर प्रवाह बाहेर पडत असेल तरच ती आवाज देते. हा मार्ग तुटला की ती आपोआप म्यूट होते. या किटमध्ये पिनपासून ऋण पुरवठ्यापर्यंत १०-१० किलोओहमचे दोन रेझिस्टर मालिकेत आहेत आणि त्यांच्या मधल्या बिंदूवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, जेणेकरून सुरू होताना आवाज अलगद यावा. पुरवठ्याच्या बाजूचा रेझिस्टर सुटला, तर तो कपॅसिटर आपला साठा संपेपर्यंत चिपला जागे ठेवतो. १० किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड यांचा गुणाकार एक सेकंद येतो, आणि माझ्या वहीतही ‘साधारण एक सेकंद’ असेच लिहिलेले होते. मी चिपच्या बाजूच्या रेझिस्टरवर मल्टीमीटरच्या पिना क्लिपने अडकवून ठेवल्या. एरवी तेथे १२.६ व्होल्ट दिसत होते. चाळीस मिनिटांनी आवाज विझू लागला तसे आकडेही उतरत शून्याकडे गेले. चिपचे तापमान-संरक्षण काम करत असावे ही माझी आधीची शंका त्याच वेळी मिटली, कारण ते चिपच्या आत १६५ अंश सेल्सिअसला लागू होते आणि माझ्या हीट सिंकवर हात निवांत ठेवता येत होता.

लाकडी काडीने बोर्डावर एकेक सांधा हलकेच ठोकत गेल्यावर पुरवठ्याच्या बाजूच्या रेझिस्टरपाशी आवाज जाऊ-येऊ लागला. भिंगाखाली पाहिले तर सोल्डरचा थेंब वरून चांगला गोल आणि चकचकीत होता, पण रेझिस्टरच्या पायाभोवती केसासारखी बारीक काळी कडी दिसत होती. हा सरळसरळ ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न चिकटलेला सांधा, होता, आणि तो माझ्याच हातचा होता हे मान्य केले पाहिजे. तरीही थोडा दोष बोर्डाकडे जातो. त्या पायाचे पॅड, म्हणजे तो ज्यावर सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका, ऋण पुरवठ्याच्या रुंद तांब्याला थेट जोडलेले आहे. पॅडभोवती तांबे कापून बारीक पट्ट्यांनी जोडण्याची जी नेहमीची पद्धत आहे, ती येथे पाळलेली नाही. त्यामुळे सोल्डरिंग आयर्नची उष्णता तांब्यात पसरून जाते आणि सोल्डर वितळलेले दिसले तरी पाय पुरेसा तापत नाही. ६३-३७ मिश्रणाचे सोल्डर १८३ अंशाला वितळते ही सोय येथेच फसवी ठरते. जुने सोल्डर काढून, थोडा फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावे म्हणून लावायचा पदार्थ) लावून आणि रुंद टोकाच्या आयर्नने तीन-चार सेकंद जास्त धरून मी तो सांधा पुन्हा केला, आणि तशाच तांब्यावर बसलेले दोन्ही बोर्डांवरचे बाकीचे सात सांधेही सुधारून घेतले. हा प्रकार तेथे संपला.

खरखरणारा दोष जास्त हट्टी निघाला. त्यासाठी मी स्पीकरच्या जागी ८ ओहमचा तारेचा मोठा रेझिस्टर लावला, फोनवरून २०० हर्ट्झचा एकसुरी सूर दिला आणि आउटपुटवर ०.२ व्होल्ट येतील इतका व्हॉल्यूम ठेवला. म्हणजे ५ मिलिवॅट. रात्री हळू आवाजात ऐकताना शक्ती साधारण एवढीच लागते. हा सूर जास्त वारंवारतेचा घेतला नाही, कारण साध्या मल्टीमीटरला ती एसी नीट मोजता येत नाही. आता रिलेच्या कॉन्टॅक्टच्या दोन टोकांमध्ये मोजले असता उजवीकडे दीड मिलिव्होल्ट, आणि डावीकडे कधी २० तर कधी १४० मिलिव्होल्ट, असे नाचणारे आकडे मिळाले. स्पीकरकडे जायला हवा तो बहुतांश व्होल्टेज रिलेच्या पोटातच अडकत होता. मगरक्लिपच्या तारेने तो कॉन्टॅक्ट क्षणभर जोडताच सूर पूर्ण परत आला. अशा वेळी स्पीकर संरक्षण निकामी झालेले असते, म्हणून हा प्रयोग स्पीकर जोडून करू नये.

मोठ्या प्रवाहाच्या रिलेंना किमान भारही, म्हणजे कॉन्टॅक्टमधून किमान काही व्होल्टेज व प्रवाह, लागतो, हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. त्यांच्या माहितीपत्रकात तो बहुधा ५ व्होल्टला १० ते १०० मिलिअँपिअर असा दिलेला असतो. कॉन्टॅक्टवर धरणारा पातळ थर फोडायला तेवढे व्होल्टेज व प्रवाह हवा असतो. माझ्या चाचणीत ०.२ व्होल्ट आणि २५ मिलिअँपिअरच मिळत होते. व्हॉल्यूम वाढवला की थर फुटतो आणि आवाज येतो, त्यामुळे दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर, जिथे कोणी कुजबुजत्या आवाजात ऐकत नाही, हा दोष सापडतच नाही. पण नवाकोरा रिले तीन आठवड्यांत का मळावा, हा प्रश्न उरला होता. तो रिले काढून त्याचे कवच उघडले तेव्हा डाव्या कॉन्टॅक्टवर पिवळसर चिकट डाग दिसला. पुस्तिकेतली शेवटची पायरी अशी आहे की सगळे भाग बसवून झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा. दिलेला रिले सीलबंद नाही. मी सूचनेप्रमाणे बोर्ड धुतला, विरघळलेला फ्लक्स रिलेच्या तळच्या फटींतून आत गेला आणि अल्कोहोल उडून गेल्यावर कॉन्टॅक्टवर बसून राहिला. आज्ञाधारकपणाची किंमत मोजली ती अशी.

विक्रेत्याला मी मोजमापांसह पत्र लिहिले. ‘सोल्डरिंग पुन्हा तपासा’ असे दोन ओळींचे पहिले उत्तर आले, जे अर्धे खरे होते म्हणून त्याचा राग धरता येत नाही. दुसऱ्या पत्रानंतर त्यांनी विनाशुल्क रिले पाठवला, तो तंतोतंत पहिल्यासारखाच, सील नसलेला. धुण्याच्या पायरीबद्दल मी जे लिहिले होते त्यावर एक शब्दही आला नाही आणि संकेतस्थळावरच्या पुस्तिकेत ती पायरी अजून तशीच आहे. भाग बदलून देण्याची तत्परता चांगली आहे, पण ग्राहकाने नेमके काय सांगितले ते वाचणारे तेथे कोणी असावे असे वाटत नाही.

मी शेवटी तेवढ्याच पिनांचा, ५ व्होल्टला १० मिलिअँपिअर किमान भार असलेला सीलबंद रिले बाहेरून आणून बसवला आणि त्यानंतर तो बोर्ड धुतला नाही, नुसता ब्रशने पुसला. जुन्या रिलेचे कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासण्याचा मोह होतो, पण त्याने वरचा मुलामा निघतो आणि काही महिन्यांत दोष पूर्वीपेक्षा वाईट होऊन परततो. सोन्याचा मुलामा दिलेले छोटे रिले कमी पातळीच्या सिग्नलला उत्तम असले तरी स्पीकरच्या प्रवाहाला ते पुरे पडत नाहीत. रिलेऐवजी पाठीला पाठ लावलेले दोन मॉसफेट (स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर) वापरून हा प्रश्न मुळातून सोडवता येतो. ज्याला वेगळा छोटा बोर्ड करण्याची हौस आहे त्याने तो मार्ग घ्यावा.

ज्याने आधी दोन-तीन बोर्ड जोडले आहेत आणि ज्याच्याकडे मल्टीमीटर आहे, त्याने हे किट जरूर घ्यावे, फक्त मिळालेला रिले बाजूला ठेवून सीलबंद रिले आधीच आणून ठेवावा आणि बोर्ड धुवायचाच असेल तर रिले बसवण्यापूर्वी धुवावा. पहिल्यांदाच सोल्डरिंग आयर्न हातात घेणाऱ्याला मी ते सुचवणार नाही, कारण पुस्तिकेत दोष शोधण्याचे पान नाही आणि रुंद तांब्यावरच्या त्या आठ सांध्यांबद्दल इशाराही नाही. नवा रिले बसवून चार महिने झाले आहेत. परवा तीच ५ मिलिवॅटची चाचणी पुन्हा केली, तेव्हा डावीकडे १.४ आणि उजवीकडे १.३ मिलिव्होल्ट भरले.