प्लाझ्माच्या नावाखाली पंधरा हजार

रक्त किंवा प्लाझ्मा मिळवून देणारा माणूस स्वतःच्या खात्यावर पैसे मागायला लागला की फोन ठेवून द्या. आपल्याकडे रक्ताची विक्री बंद आहे. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली. ब्लड बँक जे घेते ते तपासण्यांचे, पिशवीचे, साठवणुकीचे पैसे, आणि त्यांची पावती मिळते. एवढं माहीत असलेली माणसंही कशी अडकतात ते सांगतो.

एप्रिल 2021. ग्वाल्हेरात कोरोना कर्फ्यू, शहराच्या लष्कर भागातले सगळे बाजार बंद. माझे मामा एका खासगी दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. राउंडला आलेल्या डॉक्टरांनी मामेभावाच्या हातात चिठ्ठी ठेवली, ‘प्लाझ्मा, दोन युनिट, बी पॉझिटिव्ह’, आणि ‘अरेंज कर लीजिए’ म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पिवळट द्रव. कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या प्लाझ्मात विषाणूशी लढणाऱ्या अँटिबॉडी असतात, म्हणून तो रुग्णाला देत. माझा पहिला राग त्या चिठ्ठीवर आहे, ठगावरचा त्यानंतर. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या 39 हॉस्पिटलांत 464 रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी घेतली होती. तिचा निष्कर्ष ऑक्टोबर 2020 मध्येच छापून आला होता: प्लाझ्मा दिल्याने आजार बळावणं थांबलं नाही आणि मृत्यूही कमी झाले नाहीत. म्हणजे चिठ्ठी लिहिली गेली तेव्हा ही गोष्ट सहा महिने जुनी होती. तरी नातेवाईक रात्रभर फोन फिरवत होते.

आम्हीही फिरवले. मराठी मंडळींचे जेवढे ग्रुप होते तेवढ्यांवर मजकूर टाकला. त्यात मामांचं नाव, वय, रक्तगट, दवाखाना, वॉर्ड आणि मामेभावाचा नंबर. ठगाला याहून जास्त काही लागत नाही. चांगल्या माणसांचेही फोन आले, पण कुणाचा गट जुळेना, कुणाला बरं होऊन पुरेसे दिवस झाले नव्हते. आणि मग एक अत्यंत अदबशीर आवाज आला. आपण ब्लड बँकेत टेक्निशियन आहोत म्हणाला. “आप मरीज़ देखिए, प्लाझ्मा मुझ पे छोड़ दीजिए.” दहा हजार आधी, पाच माल पोचल्यावर. व्हॉट्सअ‍ॅपवर डोनरचा अँटिबॉडी रिपोर्टही आला. नंतर तो फोटो मोठा करून पाहिला, तर नावाच्या ओळीतली अक्षरं बाकीच्यांपेक्षा जाड होती आणि जरा तिरकी बसली होती.

त्याचं बोलणं आज आठवलं की प्रत्येक वाक्यात खोट सापडते. “मैडम ने दिया है, घर पे दो छोटे बच्चे हैं, फिर भी आईं.” मामी हे ऐकून रडल्या. पण कोविडचा प्लाझ्मा घेताना मुलं झालेल्या बाईला डोनर म्हणून घेतच नसत. गरोदरपणात शरीरात काही वेगळ्या अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात आणि त्या घेणाऱ्याच्या फुप्फुसांना बाधतात. दुसरं, मामेभावाने गट विचारला तर म्हणाला, “ओ निगेटिव है, सबको चलता है.” लाल पेशींच्या बाबतीत हे खरं. प्लाझ्माचं गणित नेमकं उलटं असतं: ओ गटाच्या प्लाझ्मात ए आणि बी या दोन्हींच्या विरुद्धच्या अँटिबॉडी असतात, आणि सगळ्यांना चालतो तो एबी गटाचा. ब्लड बँकेत चहा पोचवणाऱ्या पोरालाही कानावर पडून हे माहीत असतं. आणि तिसरं म्हणजे त्याने डॉक्टरच्या सहीचा मागणी-फॉर्म मागितला नाही, मामांच्या रक्ताचा नमुनाही मागितला नाही. खरी ब्लड बँक या दोन गोष्टींशिवाय पिशवी हातात देत नाही.

फाटकाशी एक पोरगा मोटारसायकलवर आला, उरलेले पाच हजार समोर ट्रान्सफर होईपर्यंत थांबला आणि काळी पॉलिथिन देऊन निघून गेला. आत बर्फाचे खडे आणि पिवळट द्रवाची पिशवी. ड्यूटीवरच्या सिस्टरने ती ट्यूबलाइटखाली धरून उलटीसुलटी केली. लेबलवर गट बॉलपेनने लिहिलेला, कधी काढला आणि कधीपर्यंत वापरायचा त्या दोन्ही जागा कोऱ्या. एचआयव्ही, कावीळ बी-सी, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या झाल्याचा शिक्का नाही. मग तिने पिशवीची नळी बोटांत फिरवून तिच्यावर बारीक छापलेला नंबर वाचला. पिशवीवरचा नंबर वेगळाच होता. “ये मैं नहीं चढ़ाऊँगी,” एवढंच बोलून तिने ती ट्रेमध्ये ठेवली. त्या बाईंचे उपकार आमच्या घरावर आहेत. डिसेंबर 2020 मध्ये याच शहरात दतियाच्या एका व्यापाऱ्याचा बनावट प्लाझ्मा दिल्यानंतर मृत्यू झाला होता आणि टोळी पकडली गेली होती. पेपरात ते सगळ्यांनी वाचलेलं होतं. आम्हीसुद्धा.

फोन अर्थातच स्विच ऑफ. पोलिसांनी अर्ज घेतला, पुढे काही नाही.

मामा प्लाझ्माशिवाय बरे झाले. त्यांना ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोन मिळत होतं. हे जुनं, अगदी स्वस्त स्टेरॉइड ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू कमी करतं, हे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून 2020 मध्ये दाखवलं होतं. त्याच चाचणीत पुढे अकरा हजारांहून जास्त रुग्णांवर प्लाझ्मा पाहिला गेला. दिला किंवा न दिला, 28 दिवसांतले मृत्यू दोन्हीकडे 24 टक्केच. 17 मे 2021 ला आपल्याकडच्या उपचारसूचीतून प्लाझ्मा काढून टाकला. आमच्या पिशवीनंतर महिनाही झाला नव्हता.

प्लाझ्मा म्हणजे थोतांड, असं मात्र मी म्हणणार नाही. अर्जेंटिनातल्या एका रक्तस्रावी तापात बऱ्या झालेल्यांचा प्लाझ्मा वेळेत दिल्यावर मृत्यू 16.5 टक्क्यांवरून 1.1 टक्क्यावर आले, हे 1979 साली छापलेलं आहे. ठगाचा धंदा अशा अर्ध्या सत्यावरच चालतो. निव्वळ भोंदूगिरी असती तर शिकलेली माणसं लगेच सावध झाली असती.

हे आता लिहायचं कारण डेंग्यू. पाऊस ओसरला की ग्रुपवर प्लेटलेट्सची मागणी सुरू होते आणि तीच अदब फोनवर येते. कुणी बर्फात घालून प्लेटलेट्स आणल्या तर तिथेच ओळखा. प्लेटलेट्स 20 ते 24 अंशांवर, सतत हलवत ठेवतात, आणि पाचच दिवस टिकतात. बर्फात त्या वाया जातात. मागणी टाकताना वॉर्ड आणि खाट लिहू नका. पैसे गेलेच तर 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर ताबडतोब लावा, उशीर झाला की रक्कम खात्यातून पुढे सरकलेली असते. गेल्या मोसमात आमच्या ग्रुपवर एक रिपोर्ट आला, नावाची ओळ तशीच जाड आणि तिरकी. मी सावध करणारं काही लिहीपर्यंत आमच्याच शहरातल्या थाटीपूरच्या एका काकूंनी तीन हजार पाठवले होते. त्यांनी 1930 लावला, बँकेतही कळवलं. पैसे अजून आलेले नाहीत.