माइनक्राफ्ट आणि पाचवीतली मुलगी : दिवाळी ते जून, वापरानंतरचा अनुभव

दिवाळीच्या सुट्टीत लेकीला लॅपटॉपवर माइनक्राफ्ट, म्हणजे चौकोनी ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम, घेऊन दिला, त्याची जावा एडिशन ही कॉम्प्युटरवरची आवृत्ती. आता तिची सहावी सुरू होतेय. एवढ्या महिन्यांनंतर ठामपणे सांगते : पोरं यातून शिकतात, फक्त खेळू कसं देतो यावर बरंच अवलंबून आहे.

‘शैक्षणिक’ म्हणून मिळणारे गेम आम्ही आधी वापरले होते. गणित सोडवा, नाणी मिळवा. त्यात गणित म्हणजे मध्येच आलेला अडथळा. इथे हिशोब चुकला तर तिचंच काम अडतं. भट्टीत एका कोळशावर 8 वस्तू भाजून निघतात, मग 64 विटांना कोळसा किती? पाण्याच्या एका ठोकळ्याने चारही बाजूंना चार-चार ठोकळे जमीन भिजते, म्हणजे 9 गुणिले 9, त्यातून पाण्याचा एक वजा : 80 ठोकळे गहू. हे तिने चौकटीच्या वहीत आखून काढलं, कुणी सांगितलेलं नसताना.

ऋण संख्या शाळेत सहावीत येतात. तिच्या आधीच अंगवळणी पडल्यात, कारण एफ3 दाबलं की आपण कुठे आहोत ते अक्षांवर दिसतं आणि तिचं घर शून्याच्या पश्चिमेला आहे. नेदर नावाच्या पाताळातलं एक पाऊल म्हणजे वरची आठ. वर घर उणे 640 वर, तर खाली, तिकडून घरी परतायचं दार उणे 80 वर. एकदा चिन्ह विसरली आणि भलत्याच डोंगरात निघाली. तेव्हापासून विसरत नाही.

पण खरं सोनं आहे ते रेडस्टोनमध्ये, म्हणजे गेममधल्या विजेत. तिने किल्ला बांधला, रायगडासारखा दोन बुरुजांच्या आड वळून आत जाणारा गोमुखी दरवाजा केला. दोन्ही बुरुजांवरच्या कळी (लिव्हर) ओढल्या तरच तो उघडला पाहिजे, ही तिचीच अट. रेडस्टोनची पूड तारेसारखी अंथरायची. प्रवाह 15 पासून सुरू होतो आणि दर ठोकळ्याला एकाने उतरतो, सोळाव्यावर काही उरत नाही. रेडस्टोनची मशाल उलटी वागते : ती ज्या ठोकळ्यावर लावलीय त्याला प्रवाह मिळाला की विझते. प्रत्येक कळीपाशी एक मशाल, दोन्हींचा प्रवाह एकाच तारेत, तारेच्या टोकाच्या ठोकळ्यावर तिसरी मशाल. पहिल्या दोन्ही विझल्या तरच तिसरी पेटते आणि दार उघडतं. अख्खी रविवार दुपार त्यात गेली. याला अँड गेट म्हणतात आणि लॅपटॉपच्या आतही हीच करामत चालते, हे मी दार उघडल्यावरच सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तो धडा झाला असता.

भौतिकशास्त्र मात्र या गेमवर सोडू नका. बुंधा तोडला तरी फांद्या हवेत तरंगतात. एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर. सोन्याचा असा ठोकळा खरा असता तर 19 टनांच्या वर भरला असता, आणि गेममधला माणूस असे 64 एका कप्प्यात घेऊन फिरतो. यावर आमच्या जेवताना छान गप्पा झाल्या.

सगळ्यात मोठी अडचण यूट्यूबची. तयार जोडणी बघून जशीच्या तशी उतरवली की हातात दार येतं, डोक्यात काही येत नाही. म्हणून आमच्याकडे आधी स्वतःचा प्रयत्न, व्हिडिओ नंतर. क्रिएटिव्ह मोडमध्ये सामान अमर्याद असतं, तिथे हिशोब संपतो. रेडस्टोनच्या प्रयोगांना तो चांगला, बाकी सर्व्हायव्हल मोडच द्या, त्यात सामान स्वतः गोळा करावं लागतं. अनोळखी लोकांचे सर्व्हर या वयात पूर्ण बंद. गेममधला एक दिवस 20 मिनिटांचा असतो, त्यामुळे ‘दोन दिवस झाले की बंद’ हा नियम घड्याळापेक्षा कमी कटकटीने पाळला जातो, हातातलं कामही अर्धवट तुटत नाही.

वाचता येत नसेल एवढ्या लहान मुलांसाठी घेऊ नका. वस्तूंची नावं आणि कृती सतत वाचाव्या लागतात. विंडोज कॉम्प्युटरवर विकत घेतल्यास जावा आणि बेडरॉक (गेमची दुसरी आवृत्ती) दोन्ही एकत्र मिळतात. मोबाइलवर बेडरॉकच असतो, आणि जावातली रेडस्टोनची प्रत्येक जोडणी त्यात चालतेच असं नाही. मैत्रिणींसोबत जोडण्यांची देवाणघेवाण करायची असेल तर कोण कशावर खेळतंय ते आधी विचारून घ्या.