घरचा पोल: ठाण्यातल्या स्लॅबखाली आणि जुलैतल्या घामात

आधी निकाल सांगते. एक्स-पोल कंपनीचा ४५ मिलिमीटर व्यासाचा क्रोम ‘एक्सपर्ट’, म्हणजे पोल डान्सचा खांब, आपल्या फ्लॅटमध्ये छान बसतो आणि पैसे वसूल करतो. मात्र तो मागवण्याआधी घराचा स्लॅब आणि स्वतःची कातडी या दोन गोष्टी नीट तपासा. त्या जमत नसतील तर तेच पैसे चांगल्या स्टुडिओच्या फीमध्ये घाला. मनापासून सांगते, त्यातून जास्त मिळेल.

मी ठाण्यात राहते. शाळेत असताना दोरीचा मल्लखांब करायचे, आता पोल करते. आधी स्टुडिओत शिकले आणि हात-खांदे तयार झाल्यावर घरी पोल लावला. मल्लखांबामुळे एक गोष्ट अंगात आधीच मुरलेली होती: खांबावर माणूस हाताच्या ताकदीवर टिकतो त्यापेक्षा जास्त कातडीच्या पकडीवर टिकतो. मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची खळी, काख, कंबरेची बाजू ही सगळी पकडीची जागा. पोलचा प्रकार, कपडे, शूज, हातांना काय लावायचं, हे सगळं त्या पकडीच्या हिशेबानेच ठरवायचं.

आधी उंची, कारण पहिली अडचण तिथेच येते. एक्सपर्टचा नेहमीचा सेट साधारण २.२३ ते २.७४ मीटर उंचीच्या छतासाठी असतो. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत राहत्या खोलीची किमान उंची २.७५ मीटर दिलेली आहे. म्हणजे नियमाने बांधलेल्या घरात हा सेट थोडक्यात कमी पडतो! कंपनीची जोडनळी वेगळी मिळते, १२५ मिलिमीटर, २५० मिलिमीटर आणि त्याहून लांबही. माझ्या खोलीची उंची २.९ मीटर, त्यामुळे मला २५०ची लागली. ती पोलबरोबरच मागवा. नंतर एकटी मागवली तर पाठवणावळ आणि आयात शुल्क पुन्हा भरावं लागतं. उंची मोजताना फरशीपासून स्लॅबपर्यंत खोलीत तीन-चार ठिकाणी मोजा. प्लास्टर सगळीकडे सारखं नसतं.

हा पोल स्क्रू मारून बसवायचा नसतो. छत आणि फरशीच्या मध्ये तो दाबाने उभा राहतो. त्यामुळे भाड्याच्या घरात घरमालकाशी वाद नाही, ड्रिलिंग नाही. पण वर पक्कं काँक्रीट हवं. पीओपीच्या खोट्या छतावर हा पोल लावायचा नाही म्हणजे नाहीच. जुन्या वाड्यातलं लाकडी माळवद किंवा वरच्या मजल्याचं पत्र्याचं छप्पर असेल तर दाबाचा पोल विसरा. तिथे स्वतःच्या वजनदार तळावर उभा राहणारा स्टेज पोल लागतो. तो महाग असतो आणि जागाही बरीच खातो.

यानंतर पंखा. बाहेरच्या देशांतल्या व्हिडिओंत याबद्दल कुणी बोलत नाही, आपल्याकडे सगळं घोडं इथेच अडतं. पोलभोवती सगळीकडून दीड मीटर तरी मोकळं हवं, म्हणजे पाय पसरून फिरता येतं. दहा फुटी खोलीत पोल मधोमध लावला तरच दोन्ही बाजूंना तेवढी जागा मिळते, आणि नेमका तिथेच पंख्याचा हूक असतो. ‘पंखा बंद ठेवीन’ हा उपाय नव्हे. बंद पात्यावर पायाची नडगी आपटली तरी चांगलंच लागतं. मी छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावला आणि पोल हुकाच्या थोडा बाजूला घेतला, कारण वरची तबकडी पूर्णपणे काँक्रीटवर टेकली पाहिजे, पंख्याच्या डब्याच्या तोंडावर नाही.

खालच्या फरशीवर रुपयाच्या नाण्याने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर त्या फरशीखाली माल नीट भरलेला नाही आणि दाबाने ती तडकू शकते. जागा बदला. पोल सरळ आहे की नाही हे पाहायला स्पिरिट लेव्हल वापरा किंवा गवंड्याचा ओळंबा सोडा. मी ओळंबाच वापरते, कारण तो पूर्ण उंचीचा हिशेब एकदम देतो. लागणारे पाने आणि ॲलन की पेटीतच येतात. दोन माणसं असली तर काम सोपं होतं, एक धरायला आणि एक आवळायला. दर वेळी सरावाआधी पोल दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायचा. जराही हलला तर आधी आवळायचा, मग अंग तापवायला घ्यायचं.

एक्सपर्टचं खरं मोल त्याच्या दोन रूपांत आहे. माझ्याकडे जी रचना आहे त्यात खालच्या बाजूचे स्क्रू ॲलन कीने घट्ट केले की पोल स्थिर राहतो आणि सैल केले की स्वतःभोवती फिरतो. नवशिक्यांनी बराच काळ स्थिर पोलवरच काढावा. फिरत्या पोलवर सगळं सहज जमल्यासारखं दिसतं, पण वेग वाढला की हात बाहेर खेचले जातात आणि डोकं गरगरतं. शरीर पोलच्या जवळ घेतलं की वेग वाढतो, पाय लांब केले की कमी होतो. हे अंगवळणी पडेपर्यंत फिरत्या पोलवर उलटं व्हायचं नाही.

आता कातडी. क्रोम हा सर्वसाधारण पर्याय आणि माझी निवड. पितळी पोल घामात जास्त पकड देतो. ज्यांचे तळहात बारा महिने ओले असतात त्यांनी तो घ्यावा. पितळ मऊ असतं, लवकर ओरखडे येतात आणि काळवंडतं, पण पकडीपुढे दिसण्याला काय महत्त्व? तिसरी गोष्ट आपल्याकडच्या बायकांनी जरूर लक्षात घ्यावी. खोट्या दागिन्यांनी तुमचे कान खाजत असतील, घड्याळाच्या पट्ट्याखाली पुरळ येत असेल, तर तुम्हाला निकेलची ॲलर्जी असण्याची शक्यता आहे. क्रोमच्या मुलाम्याखाली निकेल असतं. अशांसाठी स्टेनलेस स्टीलचा पोल आहे. त्याची पकड कमी, पण मांड्यांवर पुरळ तरी येणार नाही.

पावसाळ्यात काय होतं ते सांगते. जुलैमध्ये खिडक्या उघड्या ठेवून सराव केला तर पोलवर दमटपणा साचतो आणि दुसऱ्याच चढणीला पाय सुटतो. एसी असेल तर अर्धा तास आधी ड्राय मोडवर लावा. नसेल तर मायक्रोफायबरचं फडकं आणि औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट जवळ ठेवा आणि मधूनमधून पोल पुसा. स्पिरिट पटकन पेट घेतं, त्यामुळे देवघरात दिवा लागलेला असेल तर त्या खोलीत बाटली उघडू नका. हातांना द्रवरूप चॉक लावा. ते डेकॅथलॉनमध्ये गिर्यारोहणाच्या विभागात मिळतं. ‘ड्राय हँड्स’ जास्त टिकतं, पण बाहेरून मागवावं लागतं. डिसेंबरात उलट होतं. कातडी कोरडी पडते, पोल थंडगार असतो. तेव्हा चॉक लावलं की आणखीनच घसरायला होतं. त्या दिवसांत मी पोल हातांनी चोळून कोमट करते, स्वतः चांगला घाम येईपर्यंत अंग तापवते आणि मेणासारखा चिकट ‘आयटॅक’ नखभर लावते.

मल्लखांब केलेल्यांना तेलाची सवय असते. लाकडी मल्लखांबाला एरंडेल लावतात, नाहीतर घर्षणाने अंग भाजून निघेल. पोलवर तेलाचा थेंबही चालत नाही. सरावाच्या दिवशी बॉडी लोशन नाही, खोबरेल नाही, केसांना तेल लावलं असेल तर वेणी घट्ट बांधून वर घ्यायची. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लावून आंघोळ केल्यावर त्या दिवशी पोलला सुट्टीच द्यावी. हातातल्या बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र, पैंजण, जोडवी सगळं काढून ठेवा. धातूने पोलला चरे पडतात आणि ते चरे नंतर तुमच्याच मांडीला बोचतात. मंगळसूत्र उलटं लटकताना गळ्यात अडकू शकतं, तेव्हा ते भावनेपोटीसुद्धा घालून ठेवू नका.

कपड्यांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आखूड शॉर्ट्स या खेळात दिखाव्यासाठी नसतात. पोलवर बसायला मांडीची कातडी उघडी लागते, नाहीतर माणूस सरळ खाली येतो. मल्लखांबावरचे पैलवान फक्त चड्डी घालून चढतात तेव्हा कुणी भुवया उंचावत नाही. तेच शास्त्र बाईच्या अंगाला लागू केलं की लाज कसली? नायलॉन-लायक्रा मिश्रणाची, कंबरेला उंच आणि मांडीला घट्ट बसणारी शॉर्ट्स घ्या. सुती कपडा घाम शोषून जड होतो आणि सरकतो. धावण्याच्या सैल शॉर्ट्स उलटं झाल्यावर भलतीकडे जातात. पहिल्या काही आठवड्यांच्या साध्या फिरक्यांना गुडघ्याच्या वरपर्यंतची सायकलिंग शॉर्ट्स चालते. स्पोर्ट्स ब्रा मागे फुली असलेली आणि काखेत मोकळी हवी. वरून सैल टी-शर्ट घालून सुरुवात करा आणि अंग तापलं की काढा.

घर भरलेलं असतं, सासरे समोरच्या खोलीत असतात, शॉर्ट्स घालणं शक्य नसतं, हेही मला ठाऊक आहे. अशांसाठी सिलिकॉनचं आवरण असलेला पोल निघालाय, त्यावर लेगिंग्जमध्येही पकड मिळते. पण उघड्या कातडीला तो चिमटे काढतो आणि त्यावरून सुळकन खाली घसरता येत नाही. माझ्या मते तो दुसरा पर्याय आहे, पण अजिबात सुरुवातच न करण्यापेक्षा नक्कीच बरा.

शूज. पहिले काही महिने अनवाणी करा. मल्लखांबात दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरतात. ती पायाची जाण पोललाही हवी, आणि ती शूजमध्ये येत नाही. पुढे हिल्सवर नाचायचं असेल तर प्लीझर कंपनीचे ‘अडोर ७०८’ आणि ‘डिलाइट ६०९’ हे दोन नमुने सगळीकडे भेटतात. नवी मुलगी सहा इंची घेते, सोपे असतील म्हणून. आकडे नीट बघा: अडोरची टाच ७ इंच आणि पुढचा तळ पावणेतीन इंच, डिलाइटची टाच ६ इंच आणि तळ पावणेदोन इंच. दोन्हींत पायाचा चढ सव्वाचार इंचच राहतो. फरक उंचीचा आणि वजनाचा. अडोर जमिनीवर जास्त डौलदार दिसतो आणि जाड तळामुळे पायाला धक्का कमी बसतो, डिलाइट हलका. चकचकीत पेटंट प्रकार पोलला पकडतो, चमकीचा किंवा मखमली घसरतो. घोट्याला पट्टा असलेलेच घ्या, आणि सोबत गुडघ्यांना पॅड हवेतच. हे शूज आणि ही शैली स्ट्रिप क्लबमध्ये काम करणाऱ्या बायकांनी घडवली आहे. जिममध्ये पोल शिकवताना ते लपवलं जातं, ते मला पटत नाही. त्यांच्या मेहनतीतून हे आपल्यापर्यंत आलं, ते नाव घेऊन सांगावं.

घरी हिल्स घालायच्या तर खालच्या घराचा विचार करा. टाचेचा टणत्कार स्लॅबमधून थेट खाली जातो. मी खालच्या काकूंना जाऊन विचारलं, “काकू, दुपारी आवाज येतो का हो?” त्या म्हणाल्या, “अगं, दोन ते चार तेवढं नको करूस, बाकी चालू दे.” तेव्हापासून मी ती वेळ पाळते आणि हिल्सखाली जाड रबरी मॅट घालते. पडण्यासाठीची क्रॅश मॅट वेगळी. पोलभोवती बसेल अशी चिरलेली, किमान १० सेंटिमीटर जाडीची घ्या. योगा मॅट हा तिचा पर्याय नाही. आणि मॅट आहे म्हणून घरी एकटीने नवा उलटा प्रकार करून बघायचा नाही. मानेवर पडलात तर १० सेंटिमीटर काही करू शकत नाहीत. नवीन प्रकार स्टुडिओत शिक्षिकेसमोर करावा, घरी फक्त आलेलं घोटावं.

स्वस्त पोलबद्दल थोडंसंच. ऑनलाइन बिननावाचे, एक्सपर्टच्या पाव किमतीतले पोल दिसतात. मैत्रिणीकडच्या अशाच एका पोलचा जोड इतका वर आलेला होता की मांडीला चिमटा बसायचा, आणि आटे प्लॅस्टिकचे होते. तिने तो कपडे वाळत घालायलासुद्धा ठेवला नाही. ज्या वस्तूवर डोकं खाली करून लटकायचं, तिथे वजनाची मर्यादा लेखी हवी आणि सुटे भाग मिळायला हवेत. सेकंडहँड एक्सपर्ट मिळाला तर खुशाल घ्या. फक्त जोडांची जागा बोटाने चाचपून बघा आणि आटे फिरवून बघा.

‘हा काय खेळ आहे?’ असं घरचे विचारतील. २०१७ साली गायस्फ या आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या संघटनेने पोल स्पोर्ट्सच्या महासंघाला निरीक्षकाचा दर्जा दिला, हे सांगा. २०१९ मध्ये आपल्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, हेही सांगा. माझ्या आईला दुसरं उदाहरण लगेच पटलं.

कायमचा खांब घरात नको असेल तर काळजी नाही. पोल सोडवून पलंगाखाली ठेवता येतो. गणपतीत आमच्याकडे मखर त्याच कोपऱ्यात असतं, तेव्हा मी तो काढते. छताच्या रंगावर तबकडीची फिकट गोल खूण उरते. पुन्हा लावताना तीच खूण उपयोगी पडते, फक्त ओळंबा परत सोडायचा.